सशाची कातडी सोलताना

(दृश्य: टेबलावर ससा, पाठ वर. हातमोजे घातलेले हात.)

सशाची कातडी ओल्या कागदासारखी फाटते. ससा सहज मिळतो, म्हणून टॅक्सिडर्मी, म्हणजे मेलेल्या प्राण्याची कातडी साच्यावर चढवून त्याला जिवंतासारखं रूप देणं, शिकणाऱ्याच्या हाती बहुधा आधी तोच येतो. खरं तर जाड कातडीचा कोल्हा सोलणं त्यापेक्षा सोपं.

नुकसान सुरी लावण्याआधीच सुरू होतं. प्राणी मेला की जिवाणू कामाला लागतात, केस धरून ठेवणारा वरचा पातळ थर सैल पडतो आणि आधी पोटावरचे केस गळतात. म्हणून ससा लगेच थंड करायचा. गोठवायचा असेल तर कान आणि पाय अंगाशी दुमडून, हवा काढलेल्या पिशवीत, नाहीतर ते फ्रीझरच्या कोरड्या हवेत वाळून कडक होतात.

बर्फ उतरवायला कोमट पाणी नकोच. आतलं धड दगडासारखं गोठलेलं असतं, आणि तोवर पोटाची कातडी उबेत सडत राहते. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. मग पोटावरचे चार केस चिमटीत धरून हलकेच ओढून पाहा. केसांसोबत पापुद्रा सुटून आला, तर तेवढी जागा हातची गेली. कुठल्याही रसायनाने ती परत येत नाही.

आणि हातमोजे हवेतच. सशापासून माणसाला ट्युलॅरेमिया हा जिवाणूंचा आजार होऊ शकतो.

(दृश्य: पाठीवरच्या केसांचा भांग.)

छेद पाठीवर घ्यायचा, खांद्यांच्या मधून कमरेपर्यंत. केसांचा भांग पाडा, बारीक भोक करा आणि पातं धार वर ठेवून आत सरकवा. कातडी आतून कापली जाते, केस शाबूत राहतात. वरून कापलं तर केस तुटतात आणि शिवण लपत नाही.

इथून पुढे पात्याचं काम कमी, अंगठ्याचं जास्त. कातडी आणि मांस यांच्यामधला पांढुरका पडदा अंगठ्याने ढकलत सोडवायचा. ओढलं की सगळा ताण एका जागी येतो. काखेत आणि जांघेत कातडी फाटते ती यामुळेच. ओल सुटली तर मक्याचं पीठ भुरभुरा. बोरॅक्स टाळा: तो अल्कधर्मी आहे, पुढे लागणाऱ्या आम्लाचा जोर कमी करतो. सोललेला भाग ओल्या फडक्याखाली झाका. वाळलेली कड आधी चिरते.

(दृश्य: डोळा, अगदी जवळून.)

डोळ्यापाशी बाहेरून पापणीत बोटाचं टोक ठेवा, म्हणजे आतून पापणीची कड कुठे आहे ते कळतं. पातं कायम हाडाकडे. पुढच्या कोपऱ्यात कातडी हाडाला घट्ट धरलेली असते. घाईचा काप इथे पापणीच कापतो.

कानाची मागची कातडी कूर्चेपासून बोथट हत्याराने बुडाकडून टोकाकडे सोडवा. कडेला दोनेक मिलिमीटर आधी थांबा. कान असा उलटला नाही तर मीठ आत पोहोचत नाही आणि कान वाळताना सुरकुततो.

मांस आणि चरबी पूर्ण खरवडल्याशिवाय मीठ लावू नका, कारण चरबीतून मीठ आत जात नाही. आयोडिनविरहित बारीक मीठ घ्या, कातडीच्या साधारण निम्म्या वजनाचं, आणि प्रत्येक घडीत चोळा. २४ तासांनी झटकून पुन्हा नवं मीठ.

त्यानंतर आम्लाचं द्रावण: लिटरभर पाण्याला १२० ग्रॅम मीठ, आणि पीएच २च्या आसपास येईल इतकं सायट्रिक आम्ल. मीठ कमी पडलं तर आम्लाने कातडी फुगते आणि कमजोर होते. तीन दिवस ठेवा, रोज पट्टीने तपासा, पीएच २.५च्या वर गेला तर आम्ल वाढवा. उरलेले पडदे आता पांढरे, सुटसुटीत दिसतात आणि बोटांनी निघतात. मग खाण्याच्या सोड्याने पीएच ५च्या आसपास आणून वीसेक मिनिटं ठेवा, आणि लगेच टॅनिंगला, म्हणजे कातडी कमावायला, घ्या.

(दृश्य: उजेडासमोर धरलेली कातडी.)

साच्यावर चढवण्याआधी कातडी उजेडासमोर धरा. सुईएवढं भोकही आतल्या बाजूने बारीक टाक्यांनी शिवून घ्या. साच्यावर ताणल्यावर ते बोटाएवढं होतं.