क्रॉसलिंकिंगनंतरचं धुकं : आधी सांगायला हवं ते

केराटोकोनस म्हणजे काय हे मी इथे नव्याने सांगत बसत नाही, तुमच्यातले बरेच जण त्यातूनच गेलेत. कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, पातळ होत पुढे येतो आणि ते थांबावं म्हणून रायबोफ्लेविनचे (बी2 जीवनसत्त्वाचे) थेंब अन् युव्हीए (अतिनील) किरण, हेच क्रॉसलिंकिंग. 2003 मध्ये ड्रेस्डेनच्या वोलेन्साक, स्पोअर्ल आणि झायलर यांनी 23 डोळ्यांचे निकाल छापले तेव्हाही उद्देश आजार थांबवणं हाच होता, नजर वाढवणं नाही. आणि माझी तक्रार नेमकी इथेच आहे.

मी लेन्स बसवतो, त्यामुळे माझ्याकडे माणूस येतो तो क्रॉसलिंकिंगनंतर महिना-दीड महिन्यानं, आणि घाबरलेलाच येतो. एक कॉलेजची मुलगी आली, खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, सर, आधी चार ओळी वाचत होते आता दोनच, माझा डोळा घालवला त्यांनी. आईनं फाइल छातीशी घट्ट धरलेली. फाइलीत बघतो तर सगळं व्यवस्थित, एपिथेलियम, म्हणजे कॉर्नियाचा सगळ्यात वरचा थर, भरून आलेलं, इन्फेक्शन नाही. फक्त पहिल्या महिन्यात नजर खाली जाते हे एक वाक्य तिच्याशी कुणी बोललं नव्हतं! संमतीच्या कागदावर असेल बारीक अक्षरात, पण ज्याला बारीक अक्षर दिसत नाही त्याला ते देऊन काय उपयोग? हसताय तुम्ही, पण मला खरंच राग येतो याचा.

अंधार करून तिला काळ्या स्क्रीनवर एक पांढरा ठिपका दाखवला. घरी करून बघा, एकेका डोळ्यानं. ठिपक्याला शेपूट फुटलं, एकाचे तीन दिसले, तर तो कॉर्नियाच्या आकाराचा दोष. भोवती दुधी धुकं असेल तर बहुतेक हेझ, म्हणजे कॉर्नियाला आलेला धुरकटपणा. तिला दोन्ही दिसत होतं. तिच्या डॉक्टरांना विचारून ट्रायलची हार्ड लेन्स घातली, शेपूट जवळपास गेलं, धुकं तसंच. तेव्हा कुठे आईनं फाइल टेबलावर ठेवली.

चिठ्ठी आलीये, वेळ संपतोय आणि मुख्य विषय राहिलाच, तर भराभर. किरणांनी वरच्या साधारण 300 मायक्रॉनमधल्या केराटोसाइट, म्हणजे कॉर्नियाच्या आतल्या पेशी, मरतात, त्या परत भरायला सहाएक महिने लागतात, म्हणून हेझ पहिल्या 1 ते 3 महिन्यांत सगळ्यात जास्त आणि मग उतरत जातो, बहुतेकांचा वर्षभरात. फार पातळ, फार टोकदार कॉर्नियात मात्र थोडा राहूनही जातो. शाइम्पफ्लग कॅमेऱ्यावर (कॉर्नियाचे छेद टिपणारा कॅमेरा) डेन्सिटोमेट्री, म्हणजे कॉर्निया किती धुरकट आहे ते, 0 ते 100 मध्ये मोजता येते, हा आकडा प्रोसीजरच्या आधीच काढून ठेवायला सांगा, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार. पहिल्या महिन्याच्या टोपोग्राफीत (कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा) वक्रता वाढलेली दिसली तरी आजार वाढला असं लगेच धरू नका. नजर तिसऱ्या महिन्याच्या आसपास पहिल्या जागी येते, पुढे काहींचा कॉर्निया एखाद-दोन डायॉप्टर सपाट होतो आणि थोडं बरं दिसायला लागतं.

पण दुखणं वाढलं, डोळा लाल झाला, पांढरा डाग दिसला, तर हेझ असेल म्हणून घरी थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. बाकीचे प्रश्न बाहेर घेतो.