आळवे बाहेर पडले तेव्हा

मुंबईच्या गिरणगावात 'लाल बावटा', म्हणजे कम्युनिस्टांची गिरणी कामगार युनियन, म्हटलं की आधी कम्युनिस्ट पुढारी डांग्यांचं नाव निघतं. पण ही गोष्ट सुरू व्हायला हवी अर्जुन आत्माराम आळव्यांपासून. आळवे स्वतः गिरणी कामगार.

1923 साली आळवे आणि मयेकर यांनी मिळून गिरणी कामगार महामंडळ काढलं. सुरुवातीला बाहेरच्या पुढाऱ्यांना तिथे थारा नव्हता.

मग मालकांनी नवी टूम काढली. दोन साचे (कापड विणायचे माग) सांभाळणाऱ्या विणकराने आता तीन सांभाळायचे. कल्पना करा: एका साच्यावर सूत तुटलंय. तो थांबवून सांधेपर्यंत शेजारच्या साच्याच्या धोट्यातली (आडवं सूत इकडून तिकडे नेणाऱ्या नळ्यातली) कांडी, म्हणजे सुताची गुंडाळी, संपते. ती बदलेस्तोवर तिसरा खोळंबतो. आणि जो विणकर कालपर्यंत तो तिसरा साचा चालवायचा, तो आता घरी.

संप करायचा की दमानं घ्यायचं, यावर 1928 च्या सुरुवातीला महामंडळ फुटलं. मयेकर एकीकडे राहिले, आळवे कम्युनिस्टांसोबत बाहेर पडले. एप्रिल सरता सरता जवळपास दीड लाख कामगार संपावर होते. भोंगे गप्प. संप चालू असतानाच, 23 मे रोजी, मुंबई गिरणी कामगार युनियनची नोंदणी झाली. अध्यक्ष आळवे, सरचिटणीस डांगे, सभासद 324. ऑक्टोबरात संप मिटला आणि डिसेंबरपर्यंत सभासद झाले 54,000!

या बावट्याखालीही सगळे एका रांगेत नव्हते, हे मात्र सांगायलाच हवं. साचेखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात, कांडीचं सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. त्याच उष्ट्याचा विटाळ सांगून सवर्ण कामगार अस्पृश्य मानलेल्यांना त्या खात्यात पाऊल टाकू देत नसत. पगार चांगला, तो नेमका त्याच खात्यात. डॉ. आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना यावरून धारेवर धरलं, तेव्हा कुठे हा मुद्दा मागण्यांत आला.

20 मार्च 1929. देशभर कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांची धरपकड झाली, ब्रिटिश राजवट उलथण्याचा कट केल्याच्या आरोपाचा मीरत खटला उभा राहिला. डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर आत गेले, आळवेही गेले. इकडे एप्रिलमध्ये पुन्हा संप झाला, तो फसला. पुढे युनियनमध्येही गट पडले.

आळव्यांना तीन वर्षांची सक्तमजुरी झाली. ऑगस्ट 1933 मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने अपिलात त्यांना निर्दोष ठरवलं.