विरजणाची वाटी

राम राम मंडळी. आज बोलायचंय पोटातल्या राखणदारांबद्दल, पण आधी एका वाटीची गोष्ट ऐका.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. शेजारच्या घराशी आमचा शेताच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा वाद. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या दोन ओळींवरून बोलचाल बंद. त्यात पूस महिन्याची थंडी, आमचं विरजण नासलेलं अन् पाहुणे कढी खायला येणार. मायनं वाटी हातात देऊन मला मागच्या दारानं पिटाळलं. शेजारची बुढी चुलीपाशी होती. काही न विचारता तिनं चमचाभर दही घातलं. "जाय बापा, सांडू नोको." वळलो तर अंगणात तिचा म्हातारा, हातात काठी! त्याच्या नजरेतून परकं कुत्रंही सुटत नसे. त्यानं माझ्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं अन् तोंड फिरवून कडुनिंबाचा शेंडा न्याहाळत बसला. मायनं विरजण लावलेला दुधाचा गंज ज्वारीच्या कोठीत ठेवला. सकाळी दही असं लागलं की चमचा उभा राहिला. धुऱ्याची केस पुढं अकरा वर्षं चालली, विरजण मात्र येत-जात राहिलं.

तर मंडळी, तो म्हातारा म्हणजे तुमच्या आतड्यातली रोगप्रतिकारशक्ती. शरीरातल्या राखणदार पेशींचा मोठा फौजफाटा आतड्याच्या भिंतीत असतो. चोर कोण अन् शेजारी कोण, हे त्यांना रोज ओळखावं लागतं. काही जातींचे उपयोगी जिवाणू आतड्याच्या आतला बुळबुळीत थर राखायला मदत करतात. आयजीए नावाची प्रतिद्रव्यं तिथं सुटतात, ती रोगजंतूंना भिंतीला चिकटू देत नाहीत. काही पेशी तर उगाच भडकायचं नाही, एवढंच शिकतात. पुन्हा सांगतो, चोराला अडवायचं अन् शेजाऱ्याला जाऊ द्यायचं, राखणदाराची ही दोन्ही कामं.

पांढऱ्या पेशी जंतू गिळतात, हे दाखवणाऱ्या एली मेचनिकोव्ह यांना १९०८ चं नोबेल मिळालं. ते स्वतः आंबवलेलं दूध पीत. अन् आपण? लग्नाच्या पंगतीतून मठ्ठा हाकलला, रंगीत बाटल्या आणल्या. मला तरी हे पटत नाही. असो.

मात्र सगळे जिवाणू सारखे नसतात. दही म्हणजे औषध नव्हे. हागवण लागली तर मिठा-साखरेचं पाणी अन् डॉक्टर आधी.

आणि हो, उकळलं की दह्यातले जिवाणू मरतात. जिवंत हवे असतील तर ताक प्या, दही खा. म्हणजे त्या दिवशी आमच्या पाहुण्यांना कढीची चव तेवढी मिळाली. जिवाणू मिळाले मला, वाटी चाटून पुसली होती ना!