तेरा तारखेची गोष्ट

नमस्कार मंडळी. आजचं बोलणं नुकत्याच सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागलेल्या पोरापोरींसाठी आहे, म्हणजे आपल्या नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात नाहीतर तिकडे मिहानमध्ये जॉइन झालेत, गळ्यातला आयकार्डचा पट्टा अजून कोरा आहे आणि आई शेजारच्या काकूंना सांगते की आमचा कम्प्युटरमध्ये आहे, ते सगळे. कोडिंग तुम्ही शिकून आलात, ते मी शिकवत नाही, माझ्यापेक्षा जास्तच येत असेल तुम्हाला. मला एकच सांगायचंय, अडकलात तर सांगा. रेडिओवर मागे जाऊन ऐकता येत नाही म्हणून परत सांगतो, अडकलात तर सांगा, आणि लवकर सांगा.

हे मला शिकवलं आमच्या ऑफिसच्या वॉचमन काकांनी.

२०१० चा जुलै. आमचं ऑफिस लहान, आठ-दहा जण, आणि पावसाळ्यात कूलर चालू ठेवायचा की नाही यावर रोज भांडण. (माझं मत आजही तेच, जुलैत कूलर म्हणजे नुसता चिकचिकाट, पण नागपुरात दिवाळीपर्यंत कूलर न काढणारी घरं आहेत, त्यांना कोण समजावणार.) तर आमचे एक क्लायंट होते वाडीचे ट्रान्सपोर्टवाले शेठ. त्यांच्या बिल्ट्या, म्हणजे गाडीत भरलेल्या मालाच्या पावत्या, टाकायचा प्रोग्राम मी लिहिलेला, माझं पहिलं काम, त्यामुळे कॉलर एकदम टाइट. १ जुलैला तो नव्या सर्व्हरवर टाकला, चांगला चालला, आणि १३ तारखेला सकाळी वाडीहून फोन, बिल्टी सेव्हच होऊन नाही राहिली.

मी म्हटलं बघतो. माझ्या लॅपटॉपवर चालवला तर मस्त चालला. आता माझ्या मशीनवर चालतंय म्हटल्यावर माझी चूक असूच शकत नाही ना, म्हणून मी नेटवर्क बघितलं, डेटाबेस बघितला, व्हायरस स्कॅन लावला, तिकडे वाडीत पोरं बिल्ट्या हाताने फाडून राहिली. रोज सकाळी सर विचारायचे, कुठवर आलं? मी म्हणायचो, सर, ऑलमोस्ट झालंय. १३ ला ऑलमोस्ट, १४ ला ऑलमोस्ट, १५ ला पण ऑलमोस्ट. झालेलं काहीच नव्हतं, पण नवीन माणूस, काय म्हणतील, एवढं पण येत नाही का याला, तीच भीती.

१५ ला रात्री साडेनऊला खाली आलो. जाताना गेटवरच्या रजिस्टरात नाव, तारीख, टाइम लिहून सही करावी लागायची. काकांनी रजिस्टर पुढे सरकवलं आणि म्हणाले, "काहून बावा, रोजच उशीर होऊन राहिला?"

मी म्हटलं, "काका, एक प्रोग्राम बंद पडला."

"कधीपासून?"

"तेरा तारखेपासून."

"अन् बाराले बरा होता?"

घरात कोणाला ताप आला की कसं विचारतात, तसंच विचारलं त्यांनी. मी हो म्हणालो, आणि माझ्या हातात पेन, रजिस्टरात मीच आत्ता लिहिलेलं, १५/७/१०. ते बघत उभा राहिलो. बाराला बरा, तेराला बंद. नवा सर्व्हर अमेरिकन सेटिंगवर होता, तिकडे महिना आधी लिहितात आणि दिवस नंतर, म्हणजे तो आपल्या १३/७ मध्ये तेरावा महिना शोधून राहिला होता! माझ्या लॅपटॉपवर सेटिंग भारतातली, म्हणून तिथे सगळं गोड.

सही तशीच ठेवून वर पळालो, आणि वर जाऊन जे बघितलं त्याने पोटात गोळा आला. कारण तेरावा महिना नसतो म्हणून प्रोग्राम निदान ओरडला तरी, पण १ ते १२ तारखेला तो गपचूप खोटं लिहून मोकळा झाला होता. २ जुलैची बिल्टी ७ फेब्रुवारीत जाऊन बसलेली, ८ जुलैची गाडी ७ ऑगस्टला निघणार, १२ ची तर डिसेंबरात. बरोबर होता फक्त ७ जुलै, कारण ७/७ उलटं केलं तरी ७/७च.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. तारखेच्या घोळावर ते काहीच बोलले नाहीत, एवढंच विचारलं, "तेराला का नाही सांगितलं?" त्यांनी आधी एकदा या सर्व्हरच्या सेटिंगवरच ठेच खाल्ली होती, पाच मिनिटांत सांगितलं असतं. कोड दुरुस्त करायला अर्धा तास लागला. पण ७ फेब्रुवारीच्या खऱ्या बिल्ट्यांमध्ये या घुसलेल्या, मग आम्ही दोघं वाडीला बसून कार्बन कॉपीच्या बुकावरून एकेक नंबर जुळवत होतो, दोन दिवस. शेठ चहा पाठवायचे आणि म्हणायचे, घ्या, डिसेंबरच्या गाडीवाले.

तारीख लिहायचा आयएसओ ८६०१ म्हणून एक आंतरराष्ट्रीय नियम आहे, १९८८ पासून आहे, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, तसं लिहिलं की ही भानगडच नाही. त्या घोळानंतर मी घरच्या लोणच्याच्या बरणीवर पण तशीच तारीख टाकतो, बायको हसते.

बरं, वेळ थोडा राहिला. सांगायचं कसं, तर तीन गोष्टी सांगा, काय करत होतो, काय झालं, आणि आतापर्यंत काय काय करून बघितलं. एरर आला असेल तर तो जसाच्या तसा कॉपी करून पाठवा, स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला तिरपा फोटो नको, त्यातून कोणी काही शोधू शकत नाही. तासभर आपलं डोकं चालवा, मग विचारा. इंग्रजी अडतं म्हणून मीटिंगमध्ये गप्प बसणारी लय पोरं बघितलीत मी, मराठी-हिंदी मिक्स करून बोला ना, बग, म्हणजे प्रोग्राममधली चूक, काही इंग्लंडहून येत नाही.

आणि चूक मोठी असेल तरी सांगा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या, म्हणजे लोकांचा कोड सांभाळून ठेवणाऱ्या कंपनीच्या, एका इंजिनिअरने रात्री चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा उडवला, एक-दोन सेकंदांत लक्षात आलं तोवर ३०० जीबीतले साडेचार उरले होते, आणि बॅकअप बघायला गेले तर ते पण धड नव्हते. सहा तासांपूर्वीची एक कॉपी सापडली म्हणून निभावलं. पण त्यांनी लपवलं नाही, दुरुस्ती चालू असताना यूट्यूबवर लाइव्ह दाखवली.

काचेपलीकडून हात हलवून राहिले, म्हणजे माझी वेळ संपली. कोड रिव्ह्यूबद्दल, म्हणजे आपला कोड दुसऱ्याकडून तपासून घेण्याबद्दल, बोलायचं राहूनच गेलं, ते पुढच्या वेळी. आणि हो, त्या रात्री रजिस्टरात माझी आउट टाइमची जागा कोरीच राहिली, काकांनी दुसऱ्या दिवशी ती आधी भरून घेतली, मगच आत सोडलं.