फलकावर काय लिहावे

श्रोतेहो, नमस्कार.

अमुक घटना मैलाचा दगड ठरली, हे वाक्य आपण सभांमधून सर्रास ऐकतो. पण मुंबईतला खरा मैलाचा दगड आपण कधी पाहिला आहे का? १७१८ साली उपासनेसाठी खुले झालेले फोर्टातले सेंट थॉमस चर्च, ज्याच्यावरून चर्चगेट हे नाव आले, ते शून्य मैल मानून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तरेकडे जाणाऱ्या रस्त्यांवर बुटके दगडी खांब रोवले गेले आणि त्यांवर रोमन आकड्यांत मैल कोरले गेले. पुढे डांबराचे थर चढले, पदपथ उंचावले, आणि यांतले काही दगड गळ्यापर्यंत गाडले गेले. अलीकडच्या काळात महापालिकेने काही दगड उकरून, साफ करून पुन्हा दिसते केले आहेत. या दगडांची एक गोष्ट मला फार आवडते. वाटसरूला हवे तेवढेच ते सांगतात.

आपले आजचे स्मृतिफलक मात्र नेमके उलटे वागतात. संगमरवरी पाटीवर वरच्या बाजूला अनावरण कोणाच्या शुभहस्ते झाले, अध्यक्षस्थानी कोण होते, प्रमुख उपस्थिती कोणाची आणि काम कोणाच्या निधीतून, हे सारे ठळक, सोनेरी अक्षरांत असते. आणि ज्या माणसासाठी हा खटाटोप केला, त्याने या जागी नेमके काय केले, हे सांगायला शेवटी एक ओळ उरते, तीही 'थोर समाजसेवक' या दोन शब्दांत संपते. कोनशिला आणि स्मृतिफलक यांतला फरकच आपण विसरलो आहोत, असे मला वाटते.

गोवालिया टँकचे उदाहरण घ्या. तिथे पूर्वी गुरांना पाण्यावर नेण्याचे तळे होते. तळे बुजले, नाव राहिले. त्या परिसरातल्या गोकुळदास तेजपाल संस्कृत महाविद्यालयात २८ डिसेंबर १८८५ रोजी काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. ७२ प्रतिनिधी आले होते आणि व्योमेशचंद्र बॅनर्जी अध्यक्ष होते. खरे तर हे अधिवेशन पुण्यात व्हायचे होते, पण तिथे पटकीची साथ आली म्हणून ते मुंबईत हलवावे लागले. तिथून चालत काही मिनिटांवर तेच मैदान आहे, जिथे ८ ऑगस्ट १९४२ रोजी 'छोडो भारत' ठराव मंजूर झाला आणि दुसऱ्या दिवशी, नेत्यांची धरपकड झालेली असताना, अरुणा असफ अली यांनी तिरंगा फडकवला. या दोन जागांमध्ये ५७ वर्षांचे अंतर आहे, आणि पायी मोजले तर चहा गार होण्याइतकेही नाही. हा संबंध पाटीने सांगायला हवा, आणि तोही मराठीत, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर.

काही घटना मात्र पाटीलाच कोड्यात टाकतात. नभोवाणीवरून बोलताना त्यांतली एक सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याच ऑगस्टच्या अखेरीस, २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त 'काँग्रेस रेडिओ' सुरू केला. ४२.३४ मीटरवरून, हिंदुस्थानातल्या कुठल्या तरी ठिकाणाहून आम्ही बोलत आहोत, अशी घोषणा त्या करत. पोलिसांना माग लागू नये म्हणून प्रक्षेपकाच्या जागा सतत बदलत, आणि १२ नोव्हेंबरला अटक होईपर्यंत तो आवाज चालू राहिला. आता सांगा, ज्या नभोवाणीचा पत्ता कोणालाही ठाऊक नसणे हेच जिचे बळ होते, तिची पाटी कोणत्या भिंतीवर लावायची? माझ्या मते ती जिथे जिथे ऐकली गेली, त्या चाळींच्या बोळांतही लावता येईल. एकाच इमारतीवर हक्क सांगायला नको.

आणि भिंतच नाहीशी झाली तर? १९९५ सालच्या वारसा नियमावलीमुळे यादीतल्या वास्तूंना काही संरक्षण मिळाले, पण यादीबाहेरच्या चाळींना ते कुठून मिळणार? आमच्या गल्लीतल्या एका चाळीवर साधी पाटी होती. बेचाळीसच्या दिवसांत इथल्या दोन बिऱ्हाडांनी भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा दिला, एवढेच तिच्यावर काळ्या अक्षरांत होते; दरवर्षी रंगारी कडेने ब्रश फिरवी, त्यामुळे काना-मात्रा अर्ध्या बुजल्या होत्या. चाळ पुनर्विकासात गेली. विकासकाने पाटी नव्या इमारतीत लावण्याचे तोंडी कबूल केले, लेखी नाही. मी गेल्या महिन्यात चौकशीला गेलो, तेव्हा तळघरात सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांच्या मागे ती भिंतीला टेकवून ठेवलेली दिसली. रखवालदाराने बाजूला सरकून मला वाट करून दिली, मोबाइलचा उजेड तिच्यावर धरला, आणि विचारले, 'साहेब, यातलं दुसरं नाव काय आहे?'

मी हाताने चुना झटकून वाचायचा प्रयत्न केला. पहिले नाव लागले; दुसऱ्याची फक्त वेलांटी उरली होती. चाळीतल्या जुन्या रहिवाशांपैकी एक आजी आता विरारला राहतात. येत्या रविवारी त्यांच्याकडे जाऊन ते नाव विचारून येणार आहे.

नमस्कार.