झाकणाखालचं लोणी

डिसेंबरातली सकाळ. हातकणंगल्याजवळचं गॅरेज. उसाचा हा ट्रक रात्रभर इथंच उभा आहे. इंजिन सहा सिलिंडरचं, ड्रायव्हरच्या थोरल्या पोरापेक्षा वयानं मोठं.

मिस्त्री ऑइलचं झाकण फिरवतात. आतून हे असं निघतं. पिवळट, दाट, ताकावर आलेल्या लोण्यासारखं.

ऑइलमध्ये पाणी म्हणजे हेड गास्केट, इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग, गेलं. त्यात इंजिन दोन दिवस टकटक करतंय. रस्त्यावर कुणालाही विचारा, सल्ला एकच: हेड उतरवा.

“दमा पाव्हणं. हेड कुठं पळून जातंय व्हय?”

आधी ऑइल मोजायची पट्टी. ऑइल काळं, पातळी वाढलेली नाही. मग चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा, बोल्ट जरासा सैल. पाणी ऑइलपेक्षा जड, रात्रभरात तळाला बसतं. असेल तर पहिलं तेच येणार. आलं ते काळं ऑइलच.

आता स्टोव्हवर तापलेला पत्रा. पट्टीवरच्या ऑइलचा थेंब गुमान धूर सोडतो. झाकणावरचं बोटभर लोणी मात्र...

(चरचराट. निवेदन नाही.)

म्हणजे पाणी आहे, पण फक्त वर. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, पाणीही कमी झालेलं नाही, म्हणजे गास्केट शाबूत. मग हे आलं कुठून? डिझेलमधूनच. लिटरभर डिझेल जळलं की जवळपास लिटरभर पाण्याची वाफ होते. बहुतेक सायलेन्सरमधून जाते, थोडी पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांवरून चेंबरात उतरते. इंजिन नीट तापलं तर तीही उडून जाते. पण हा ट्रक शेतातून निघतो, दहा-बारा किलोमीटरवरच्या कारखान्याच्या यार्डात रांगेत तासन्‌तास उभा राहतो. तापणार कधी?

आणि हे बघा. थर्मोस्टॅटचं घर उघडलं, आत थर्मोस्टॅटच नाही. इंजिन गरम होऊ नये म्हणून कुणीतरी कधीकाळी काढून टाकलेला. आपल्याकडचा जुना शहाणपणा! साधारण 80 अंशांपर्यंत पाणी अडवून धरणारी ही वाटीएवढी वस्तू नसली, की थंडीत इंजिन कोमटच राहतं.

राहिला आवाज. लांब स्क्रू ड्रायव्हर, टोक इंजिनावर, मूठ कानाला. डिझेल फवारणाऱ्या एकेका नोझलच्या पाइपाचं नट सैल करून सिलिंडर बंद केला, तरी टकटक तशीच. बेअरिंगचा ठोका असता तर त्या त्या सिलिंडरला बदलला असता. हा वरचा आहे, टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधल्या वाढलेल्या गॅपचा.

(टकटक. निवेदन नाही.)

कव्हर निघतं. चौथ्या सिलिंडरच्या रॉकरचा, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीचा, लॉक नट बोटानं फिरतोय. गॅप मोजायची फिलरची पात, पाना, पुन्हा पात. पात किंचित अडकत सरकली की गॅप बरोबर.

असंच दामटलं असतं तर रॉकरला ढकलणारा पुश रॉड निसटला असता, पाणी साचत राहिलं असतं तर बेअरिंगही गेलं असतं.

नवा थर्मोस्टॅट बसला. मिस्त्री झाकण डिझेलनं धुतात, फडक्यानं कोरडं पुसतात.

“चार खेपा झाल्या की उघडून बघा. आता जे दिसंल ते नवं.”