गोळीची डमी मिळते हो, गप्पांची डमी कुठून आणायची?

राम राम मंडळी. जळगावचा मे महिना चालू आहे आणि आवाज येतो म्हणून पंखा बंद केलाय, तर घाम दिसला तर चालवून घ्या.

आज सायकोसिसवर बोलायचंय, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, नसलेल्या गोष्टी पक्क्या खऱ्या वाटणं. त्यातही नुकत्याच सुरू झालेल्या सायकोसिसवर. आपल्याकडे हा शब्द कोणी वापरत नाही, आपल्याकडे म्हणतात "त्याले बाहेरनं शे", नाहीतर सरळ "डोकं फिरी गयं".

चोपड्याकडच्या आमच्या गावात एक पोरगा आहे, नाव नाही सांगत, आयटीआय करत होता, वय एकोणीस-वीस. आधी झोप गेली, मग बोलणं कमी झालं, आणि एक दिवस माय दळणाला ज्वारी काढायला गेली तर कोठीत हात कोपरापर्यंत गेल्यावर याचा मोबाईल लागला. खोल पुरून ठेवलेला. का, तर त्यातून लोक ऐकतात म्हणे. "माय, माले आवाज येतस." मग एक भगत झाला, दुसरा भगत झाला, नवस झाला, डॉक्टरपर्यंत पोचायला आठ-नऊ महिने गेले.

आता लगेच आपल्या लोकांना नावं ठेवू नका. अमेरिकेत 404 जणांवर एक मोठा अभ्यास झाला, 34 क्लिनिक होते त्यात, तिथेसुद्धा त्रास सुरू झाल्यापासून उपचार मिळेपर्यंत मधला काळ होता 74 आठवडे, म्हणजे निम्म्या लोकांना तर त्याहून जास्त लागला. आणि ज्यांचा हा काळ कमी होता त्यांना गोळ्या, बोलणं, घरच्यांना समजावणं, शिक्षण-नोकरीला मदत या सगळ्या एकत्र उपचाराचा फायदा जास्त झाला.

आता त्यातलं "बोलणं". लोकांना वाटतं काउन्सेलर समजावत असेल की बाळा हे खोटं आहे. अजिबात नाही, खोटं आहे म्हटलं की संपलं, तो तुम्हालाही त्यांच्यातला समजतो. सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, ही जी बोलून करायची थेरपी आहे तिच्यात विचारतात, मोबाईलमधून ऐकतात याची खात्री किती? शंभर टक्के. बरं, दिवसभर शंभरच असते का? नाही, शेतात असलो की कमी. मग शेतात काय वेगळं असतं? असं धरून धरून पुढे जायचं, घाई नाही. ब्रिटनच्या सरकारी गाईडलाइनमध्ये याची कमीत कमी 16 सेशन द्या असं लिहिलंय, आणि घरच्यांना धरून कमीत कमी 10 वेगळी.

पण याने फरक पडतो हे सिद्ध कसं करायचं? मला खरी मजा इथे वाटते. गोळीचं सोपं असतं, अर्ध्यांना खरी द्या, अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी, कोणाला काय दिलं कोणालाच माहीत नाही. बोलण्याचं काय करणार? खोटं बोलणं कसं बोलणार? आणि माणूस महिनाभर कोणाशी तरी नुसता बसला तरी त्याला बरं वाटतंच ना, मग फायदा थेरपीचा की बसण्याचा?

म्हणून इंग्लंडमध्ये एका ट्रायलमध्ये तीन गट केले. 315 लोक, बहुतेक पहिल्यांदाच अ‍ॅडमिट झालेले. कोण कुठल्या गटात ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं, डॉक्टरच्या मर्जीने नाही, नाहीतर डॉक्टर बरे होणारे पेशंट बरोब्बर आपल्या आवडत्या गटात टाकतो, आपल्याकडे रेशनच्या यादीत होतं तसं. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्याच्यावर सीबीटी, पाच आठवड्यांत 15 ते 20 तास, आणि तिसऱ्याला तेवढाच वेळ नुसतं आपुलकीने ऐकून घेणं, आधार देणं. 2002 मध्ये रिझल्ट आला. सुरुवातीला सीबीटीवाले जरा पुढे होते पण ते टिकलं नाही. दीड वर्षाने पुन्हा बघितलं तर सीबीटी आणि नुसतं ऐकणं, दोन्ही गट नेहमीच्या उपचारांपेक्षा बरे, त्रास कमी. पण पुन्हा अ‍ॅडमिट होण्यात काही फरक नाही. थेरपीवाल्यांना हे जरा झोंबलंच असेल.

पण थांबा. 2000 साली आणखी एक ट्रायल आली होती, 90 लोक, हे मात्र जुने पेशंट, गोळ्यांनी पूर्ण बरे न झालेले. तिथे सीबीटीसमोर ठेवल्या चक्क गप्पा. आजाराचा विषय काढायचाच नाही, छंद, मॅच, बातम्या, बस. नऊ महिने उपचार संपले तेव्हा दोन्ही गट सुधारलेले. पुढच्या नऊ महिन्यांनी बघितलं तर सीबीटीवाल्यांची सुधारणा चालूच होती आणि गप्पावाल्यांचा फायदा ओसरलेला. ही गोष्ट डोक्यात ठेवा, परत येतो.

एक गंमत सांगतो. अशा ट्रायलमध्ये पेशंटचा त्रास किती आहे याचे कोणीतरी मार्क देतो, त्या मार्क देणाऱ्याला पेशंट कुठल्या गटातला हे कळता कामा नये, नाहीतर हात सैल सुटतो. म्हणून पेशंटला बजावून सांगतात, काही बोलू नको. आणि पेशंट आत येऊन पहिलं वाक्य काय म्हणतो? "त्या मॅडमनी सांगितलेली वही आणली आहे सर." गेलं! मग दुसरा मार्क देणारा आणा.

आणि मार्क द्यायचे म्हणजे 30 मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 7. हे प्रश्न अहिराणीत विचारून बघा एकदा. "कोणी नसताना आवाज येतात का" असं म्हातारीला विचारलं तर ती म्हणेल, येतस ना, मनी सासू येस सपनमां. आता याला किती मार्क देणार? आपल्या देशातही घरी जाऊन मदत करण्याची एक ट्रायल झालीय, गोवा, तमिळनाडू आणि आपला सातारा मिळून 282 लोक, गावातल्याच ट्रेनिंग दिलेल्या कार्यकर्त्या घरी जायच्या, वर्षभर. फायदा झाला, फार मोठा नाही पण झाला. ते सगळे स्किझोफ्रेनियाचे, म्हणजे सायकोसिसच्याच एका लांब चालणाऱ्या आजाराचे होते, सुरुवातीच्यांवर खानदेशात असं काही झालं पाहिजे असं मला फार वाटतं.

आणि हो, हे ऐकून कोणी गोळ्या बंद करू नका. मँचेस्टरला गोळ्या, सीबीटी आणि दोन्ही मिळून अशी तुलना झाली होती, पण लोक फक्त 75, ती मोठी ट्रायल जमेल का हे बघायलाच होती, त्यावरून गोळ्या सोडणं म्हणजे पेपर न वाचता निकाल लावणं. घरात असं काही दिसलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात.

तर तो पोरगा. गोळ्या सुरू झाल्या, पण जास्त फरक दिसला तो शेजारच्या नानांमुळे असं त्याची माय म्हणते. नाना रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायचे, कापसाचा भाव, बोंडअळी, मॅच, आजाराचं एक अक्षर नाही. त्यांना माहीतही नाही की असं करण्याला ट्रायलमध्ये एक आख्खा गट असतो. मग नाना मुलाकडे सुरतला गेले आणि महिनाभरात पोराची झोप पुन्हा गेली. एका पोरावरून काही सिद्ध होत नाही, मीच आत्ता इतका वेळ तेच सांगत होतो, पण मला ते 90 लोक आठवले.

आता डॉक्टरने त्याला काउन्सेलरकडे पाठवलंय, आठवड्यातून एकदा, जळगावला एसटीने येतो. आणि नाना सुरतहून रोज सातला व्हिडिओ कॉल करतात. तो घ्यायचा म्हणून मोबाईल आता कोठीतून बाहेर, खिडकीत चार्जिंगला लावलेला असतो. रात्री कधीकधी परत ज्वारीत जातो, पण सकाळी तोच काढतो.